देवळालीचा ताप

नाशिकरोडच्या बिटको चौकातून निघालेली रिक्षा लॅम रोडने विहितगाव मागे टाकून पुढे जाऊ लागली, म्हणजे कुठल्या तरी एका अदृश्य रेषेपाशी नाशिक महापालिकेची हद्द संपते आणि छावणीची हद्द सुरू होते. ही रेषा डांबरावर कोणी ओढलेली नाही. तथापि रस्त्याच्या दुतर्फा बुंध्यांना गेरू आणि चुना फासलेली जुनी झाडे दिसू लागली, बंगल्यांची आवारे रस्त्यापासून संकोचल्यासारखी मागे सरली आणि ‘संरक्षण मंत्रालयाची मालमत्ता, अतिक्रमण करू नये’ अशा आशयाचे फलक वारंवार दृष्टीस पडू लागले, की नवख्या प्रवाशालाही आपण दुसऱ्या अमलात शिरल्याचे उमगते. रेषेच्या अलीकडचा माणूस घरपट्टी महापालिकेला देतो, पलीकडचा छावणी मंडळाला. अलीकडच्या माणसाच्या घराचा कायदा मुंबईत होतो, पलीकडच्याचा दिल्लीत. दोघांच्या घरांमधले अंतर कधी कधी सायकलवरून दोन पायंडल मारण्याइतके असते.

खुद्द देवळाली गाव महापालिकेत आहे, आणि आम्ही ज्याला देवळाली म्हणून मिरवतो तो देवळाली कॅम्प छावणीत आहे, हा घोटाळा बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना इथल्या लोकांना फार गंमत वाटते. छावणीला लागून भगूर. सावरकरांचे जन्मगाव असल्यामुळे महाराष्ट्राला ते ठाऊक आहे, पण त्याची नगरपालिका निराळी. म्हणजे चारसहा मैलांच्या टापूत कर मागणारी तीन दफ्तरे आणि त्यांच्यावर पुन्हा राज्याचे व केंद्राचे सरकार.

या गावाच्या नावाने इंग्रजी शब्दकोशात एक विलक्षण स्थान मिळविले आहे. १८६१ साली इंग्रजांनी येथे गोऱ्या पलटणींसाठी मुक्कामाची छावणी वसविली. विलायतेहून उतरलेल्या शिपायाने येथे विसावा घेऊन पुढे आपल्या ठाण्यावर जावे, आणि नोकरीची मुदत भरलेल्याने येथे थांबून मुंबईचे जहाज गाठावे, अशी योजना होती. परंतु पलटणींची ने-आण करणारी जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच चालत. ज्याची मुदत मोसम संपल्यावर भरे, त्याला पुढला हिवाळा उजाडेपर्यंत येथेच पडून राहावे लागे. कवायत नाही, काम नाही, घरी जाण्याचा हुकूम हाती आलेला आहे पण जहाज नाही, वर उन्हाळा आणि पावसाळ्यातला हिवताप. अशा अवस्थेत कित्येकांच्या डोक्यावर परिणाम होई. त्या अवस्थेला गोऱ्या शिपायांनी ‘डूलॅली टॅप’ हे नाव दिले. ‘डूलॅली’ ही आपली देवळाली, आणि ‘टॅप’ हा आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसते ‘डूलॅली’ हे विशेषण चक्रम माणसाला लावले जाऊ लागले. आपण मराठी माणसे मात्र हा शब्द दोन्ही अर्थांनी जपून आहोत: अंगात भरतो तोही ताप, आणि सरकारी कागद घरी येतो तोही डोक्याला ताप.

गोऱ्या शिपायाची ती वाट पाहण्याची व्यथा छावणीच्या मातीतच मुरली असावी, अशी एक कल्पना या हद्दीत दोन दिवस हिंडताना मनात वारंवार येत राहिली. कारण कॅम्पातले नागरिक आज ज्याची वाट पाहत आहेत त्याचीही मोसमे एकामागून एक उलटून गेली आहेत. छावणी मंडळाची शेवटची निवडणूक २०१५ च्या जानेवारीत झाली. त्या सभासदांची पाच वर्षांची मुदत २०२० च्या फेब्रुवारीत सरली; सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ दोनदा मिळाली; आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून देशातील इतर छावण्यांप्रमाणे येथेही छावणी कायद्यातील एका कलमाचा आधार घेऊन मंडळाचे स्वरूपच पालटण्यात आले. या पालटलेल्या मंडळात तीन माणसे असतात: अध्यक्षपदी लष्करी ठाण्याचे अधिकारी, दुसरे मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि तिसरा सरकारने नेमलेला एक नागरिक. २०११ च्या शिरगणतीत ज्या वस्तीची लोकसंख्या चोपन्न हजारांच्या घरात भरली, तिच्या वतीने बोलणारा हा एकच आवाज, आणि तोही तिने निवडलेला नव्हे.

मध्यंतरी एकदा जहाज बंदराला लागल्यासारखे झाले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत संरक्षण मंत्रालयाने देशातील सत्तावन्न छावण्यांत ३० एप्रिल रोजी निवडणुका घेण्याची अधिसूचना काढली. कॅम्पातल्या हौसन रोडच्या बाजारात इच्छुकांची लगबग सुरू झाली, मतदार याद्यांवर बोटे फिरू लागली. एक महिना लोटतो न लोटतो तोच, १७ मार्चला, ती अधिसूचना मागे घेण्यात आली. छावण्यांतील नागरी वस्ती वेगळी काढून शेजारच्या नगरपालिकांना जोडावयाची असा विचार सरकारात चालू आहे, एवढेच लोकांच्या कानी आले. तेव्हापासून नेमलेल्या मंडळाला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत राहिली.

आता यात कराचा संबंध कोठे आला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: निवडणूक थांबली, वसुली थांबली नाही.

छावणीच्या कारभाराचा पूर्वेतिहास थोडा पाहिला म्हणजे ही गोष्ट लोकांना का झोंबते ते ध्यानी येते. एकोणिसाव्या शतकात छावणीतल्या बाजारकऱ्याला कसलाही आवाज नव्हता. सैन्याला दूध, भाजी, कापड पुरविण्यासाठी सैन्याच्या मर्जीने राहणारी रयत, एवढीच त्याची ओळख. १९२४ च्या कायद्याने लोकनियुक्त सभासद मंडळात आले. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा सुधारून-सावरून चालू राहिला, आणि ऐंशीहून अधिक वर्षांनी त्याची जागा २००६ च्या कायद्याने घेतली. पन्नास हजारांवर लोकसंख्या असलेल्या छावणीच्या मंडळात नव्या कायद्याप्रमाणे सोळा सभासद असावयाचे, त्यांतील आठ लोकांनी निवडलेले, उरलेले पदसिद्ध अथवा नेमलेले, आणि अध्यक्ष लष्करी अधिकारी. म्हणजे भरल्या सभेतही लोकांचे पारडे समसमानच, वरचढ कधीच नाही. ते आठ जण फार मोठे धुरंधर होते असे कॅम्पातला कोणीही म्हणत नाही. त्यांच्यापैकी काहींच्या नावाने बोटे मोडणारेही पुष्कळ भेटतात. परंतु रात्री नळ कोरडा पडला तर ज्याच्या दाराची कडी वाजवावी असा एक माणूस गल्लीत होता, आणि घरपट्टीची नोटीस घेऊन ज्याच्या ओट्यावर बसावे असा एक ओटा होता.

हौसन रोडवरच्या एका चहाच्या दुकानात सकाळचे दोन तास मी निव्वळ ऐकण्यात घालविले. करांविषयी बोलणे काढावेच लागले नाही. ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाबरोबरच सुरू झाले. आश्चर्य वाटले ते एवढ्याचेच, की कर जास्त आहे ही तक्रार त्या दोन तासांत फार तर दोनदा निघाली. उलट, नाशिकपेक्षा इथली घरपट्टी परवडते, रस्ते झाडलेले असतात, मंडळाचा दवाखाना आणि शाळा आहेत, हे बोलणाऱ्यांनीच आपण होऊन कबूल केले. त्यांचा संताप निराळ्याच जागी होता. दुरुस्तीची परवानगी मागितली तर अर्ज कोठे अडला हे कळत नाही. बंगल्याच्या नावाची नोंद बदलावयाची तर जमिनीचा मूळ हक्क कोणाचा इथपासून प्रश्न निघतो. आणि मागणीपत्र मात्र दिलेल्या तारखेला, एका पैचीही चूक न करता, दारात हजर असते. सरकारचा हिशेब इतका चोख आहे तर सरकारचे उत्तर इतके गहाळ का, हा त्यांचा प्रश्न. मला तो बिनतोड वाटला.

छावणीतील जमिनीचा विषय हा या सर्व अविश्वासाचा गाभा आहे. साधारण गावात माणूस सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून ‘हे माझे’ असे म्हणू शकतो. येथे जमिनीचे वर्ग संरक्षण खात्याच्या वह्यांत ठरतात; लीजवर दिलेली, जुन्या अनुदानाच्या अटींवर दिलेली, लष्कराच्या ताब्यातली, मंडळाकडे सोपविलेली अशा तिच्या नाना जाती आहेत. हवापालटासाठी येथे आलेल्या मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी बांधलेल्या बंगल्यांत वरचे छप्पर घरमालकाचे आणि खालची भुई सरकारची, असा प्रकार अनेक ठिकाणी आहे. शिवाय पचमढी छावणीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असा निर्णय दिला, की छावणीत बेकायदा बांधलेल्या घरात राहणाऱ्याला त्या पत्त्यावर मतदार होता येणार नाही. निर्णयाची कायदेशीर बाजू निर्विवाद असेल. पण एखाद्या वस्तीतल्या माणसाने पाण्याचे बिल भरावे, विजेचे बिल भरावे, आणि यादीत मात्र आपले नाव नाही असे त्याला कळावे, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल हे समजावयाला कायद्याचे पुस्तक लागत नाही.

घरपट्टी ठरते कशी, तेही सांगितले पाहिजे. घराचे वार्षिक भाडे किती येईल याचा अंदाज घेऊन करयोग्य मूल्य काढावयाचे, आणि त्यावर ठरलेल्या दराने कर बसवावयाचा. शाळा, इस्पितळे, हॉटेले अशा इमारतींसाठी बांधकामाचा खर्च आणि जमिनीची किंमत धरून हिशेब करावयाचा. ही आकारणीची यादी दर तीन वर्षांनी नव्याने होते. यादी प्रसिद्ध झाली की हरकत घेता येते. हरकत फेटाळली तर जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. पण त्यासाठी वादातली रक्कम आधी भरलेली असावी लागते. आधी पैसे, मग फिर्याद. हा नियम देवळालीने शोधलेला नाही, आपल्या कर-कायद्यांत तो बऱ्याच ठिकाणी आहे. पण गल्लीतला सभासद जाऊन तेथे वकिलाचे बिऱ्हाड आले, की त्याची धार वाढते.

टेप घेऊन मोजणीस आलेल्या माणसाविषयीची धास्ती आपल्याकडे फार जुनी आहे. १८५२ साली खानदेशात सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी सरकारी जमीनमोजणीविरुद्ध उठाव केला होता. सारा अजून वाढलेला नव्हता. केवळ साखळी आणि झेंडे घेतलेले मोजणीदार शिवारात उतरले होते. परंतु मोजणी झाली की जमाबंदी वाढणार हे रयतेने ओळखले आणि हजारोंचा जमाव गोळा झाला. शेवटी फौज आणून तो मोडावा लागला, आणि मोजणी यथाक्रम पुरी झाली. त्या मोजणीदारांचे म्हणणे होते की नव्या पद्धतीने रयतेवरचे ओझे न्याय्य होईल. कदाचित त्यांचे खरेही असेल. पण ज्याच्या शब्दावर विश्वास नाही त्याच्या गणितावर कोण विश्वास ठेवणार?

त्याच्याही मागे जावे तर पेशवाईतल्या पट्ट्यांची यादी वाचताना हसू येते आणि दम लागतो. मूळ साऱ्यावर घरपट्टी, म्हैसपट्टी. लग्न लागले तर लग्नटका, पाट लावला तर पाटदाम. कारागीर आणि दुकानदारांवर मोहतर्फा. आणि नाक्यावर जकात. राज्ये बदलली, दफ्तरांचे लेखन मोडीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत आले, पण ‘पट्टी’ हा प्रत्यय एवढा चिवट, की आजच्या संगणकाने छापलेल्या मागणीपत्राला लोक अजून घरपट्टी आणि पाणीपट्टीच म्हणतात. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी लोकल फंड आणि म्युनिसिपालिटीची जकात यांवर जो कोरडा ओढला, त्याचे कारणही हेच होते, की शेतकऱ्याकडून घेतलेला पैसा शेतकऱ्याच्या गावी परत येताना दिसत नव्हता.

माझ्या आजोबांनी (ते देवळालीचे नव्हेत, दुसऱ्या एका गावचे) आयुष्यभराच्या घरपट्टीच्या पावत्या वाकविलेल्या लोखंडी तारेत ओवून माजघरातल्या खुंटीला टांगून ठेवल्या होत्या. एका वर्षी त्यांना मागील थकबाकीची नोटीस आली. त्यांनी तार खाली उतरवली, त्या वर्षाची पावती काढली आणि कचेरीत नेली. कारकुनाने पावती पाहिली, खरी असल्याचे मान्य केले, आणि वहीत नोंद नसल्यामुळे पुन्हा पैसे भरावयास सांगितले. आजोबांनी भरले. घरी येऊन त्यांनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ओवल्या. कर या विषयावर त्यांनी त्यानंतर कधी भाष्य केल्याचे मला आठवत नाही, पण वीज, पाणी, रेशन यांतील कोणताही कागद त्यांनी मरेपर्यंत फेकला नाही. अविश्वासाला आवाज असतोच असे नाही.

छावणी मंडळाची बाजूही नजरेआड करता येत नाही. राज्यघटनेच्या २८५ व्या अनुच्छेदाने केंद्र सरकारच्या मालमत्तेला राज्याच्या करांतून मुक्त ठेवले आहे. छावणीचा मोठा भाग लष्कराचा. फाळणीनंतर तोफखान्याचे विद्यालय काकूलहून येथे आले, त्याची मैदाने, बराकी, निवासस्थाने या साऱ्यांवर घरपट्टी नाही. तिच्याऐवजी सरकारने सेवाशुल्क द्यावे अशी तजवीज आहे, आणि ते वेळेवर व पुरते मिळत नाही ही देशभरच्या छावणी मंडळांची जुनी कुरकुर आहे. त्यात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. जकात आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर इतिहासजमा झाला. महाराष्ट्राने आपल्या महापालिकांना भरपाई देण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. छावण्या त्या पंक्तीला बसल्या नाहीत, कारण त्या दिल्लीच्या. आणि दिल्लीच्या दृष्टीने दिवाबत्ती आणि गटारे हा राज्याचा विषय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे हे. मग मंडळाजवळ उरते काय? ज्याचे घर उचलून दुसरीकडे नेता येत नाही तो घरमालक, आणि ज्याचे दुकान हौसन रोडवरच आहे तो दुकानदार.

एवढे असूनही कॅम्पातल्या लोकांना नाशिक महापालिकेत जाण्याची घाई झालेली दिसली नाही, ही या दोन दिवसांतील सर्वांत मोठी गंमत. २०२४ च्या मार्चमध्ये देशातील दहा छावण्यांच्या नागरी वस्त्या वेगळ्या काढण्यासंबंधी अधिसूचनेचा मसुदा निघाला, त्यात देवळाली होती. हिमाचलातील योल छावणीचे तसे आधीच, २०२३ च्या एप्रिलमध्ये, होऊन गेले होते. मसुदा निघाल्यावर ‘सुटलो’ असे म्हणणारे होते, आणि ‘आगीतून फुफाट्यात’ असे म्हणणारेही होते. दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर २०१८ सालचे नाशिक होते.

त्या वर्षी आयुक्त तुकाराम मुंढे यांनी करयोग्य मूल्याचे दर एकदम वाढविले, आणि मोकळ्या भूखंडांनाही आकारणीच्या जाळ्यात ओढले. दर वर्षानुवर्षे सुधारलेले नाहीत, शहराला पैसा हवा असेल तर कोणी तरी कटू निर्णय घेतलाच पाहिजे, ही त्यांची भूमिका; आणि ती निव्वळ आडमुठेपणाची होती असे मला वाटत नाही. पण शहराच्या हद्दीत अजून द्राक्षे आणि भाजीपाला पिकवणारी शेते आहेत. त्यांवरही कर बसणार म्हटल्यावर शेतकरी रस्त्यावर आले, ‘मी नाशिककर’ म्हणत मध्यमवर्ग सभांना जमू लागला, महासभेने वाढीविरुद्ध ठराव केला, अविश्वास प्रस्तावाची तारीखही ठरली. अखेर वाढीला कात्री लागली, मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीने प्रस्ताव मागे घेतला गेला, आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. कॅम्पातले लोक ही कथा दोन प्रकारे सांगतात. एक म्हणतात, पाहा, तिकडे गेलो तर असे कर बसतील. दुसरे म्हणतात, पाहा, तिकडे नगरसेवक होते म्हणून तर ते कमी झाले. दुसऱ्यांचा युक्तिवाद मला अधिक पटला असता. परंतु २०२२ च्या मार्चमध्ये नाशिक महापालिकेचीही मुदत संपली, तेथेही प्रशासक बसला, आणि तीन वर्षे उलटून गेली तरी निवडणुकीचा पत्ता नव्हता. पाच वर्षांत निवडणूक झालीच पाहिजे हे सांगणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती रेषेच्या अलीकडच्यांच्या उपयोगी पडली नाही, आणि पलीकडच्यांना तर ती सरळ लागूच नाही, कारण छावणीचे स्थानिक स्वराज्य घटनेने केंद्राच्या सूचीत टाकलेले आहे.

भगूरसह एक स्वतंत्र नगरपालिका व्हावी, असा तिसरा पक्ष चहाच्या त्याच बाकावर बसलेला असतो. त्याचे म्हणणे, घर लहान असावे पण आपले असावे. यावर पहिला विचारतो, पैसा कोठून आणणार? तिसरा म्हणतो, आज तरी कोठून येतो? आणि जमिनीचे काय, असे कोणी विचारले की तिन्ही पक्ष गप्प होतात. कारण २०२४ मध्ये केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वे ठरविली, त्यांत नागरी सुविधांची मालमत्ता स्थानिक संस्थेला विनामूल्य द्यावयाची असली, तरी जेथे भुईचा हक्क केंद्राचा आहे तेथे तो केंद्राकडेच राहावयाचा आहे. छप्पर नाशिकचे किंवा भगूरचे होईल, भुई दिल्लीचीच.

लोकांना कर देणे मुळातच नको असते, असे अर्थशास्त्री सांगतात. आपल्या राज्याचाच एक दाखला त्याला छेद देतो. १९७५ साली महाराष्ट्राने नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविला, तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया-बापड्यांचे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे ताजे होते. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी रक्कम खेड्यातल्या मजुराच्या हाती पडते, हे सरकारने सांगितले, योजनेला कायद्याचे बळ दिले, आणि गोळा होईल तेवढीच रक्कम स्वतःच्या तिजोरीतून घालण्याचे बंधन पत्करले. या कराविरुद्ध मोठे बंड झाल्याचे माझ्या स्मरणात नाही. उलट २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळ म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार चढला. पाऊस पडला, धरणे भरली, अधिभार काही उतरला नाही. हौसन रोडवर मोटारसायकलीत पेट्रोल भरून आलेल्या एका गृहस्थाने तो दुष्काळ अजून चालू आहे काय, असे मला अगदी गंभीरपणे विचारले. मी वर्तमानपत्रात लिहितो म्हणजे मला ठाऊक असणार, अशी त्यांची समजूत होती.

परतताना पुन्हा त्याच दुकानात चहाला थांबलो. पुढल्या सालची घरपट्टी कोणाच्या शिक्क्याने येणार, या विषयावर बाकावरच्या दोघांची पैज लागली होती: एक नाशिक म्हणत होता, दुसरा बोर्डच. पैज चहाचीच, पण ती गेल्या दिवाळीतही लागली होती आणि निकाल न लागल्यामुळे दोन्ही चहांचे पैसे अजून दुकानदाराच्या वहीत उधार होते. तेवढ्यात बहुला किल्ल्याच्या बाजूने तोफांच्या सरावाचा आवाज आला; कपाटावरचे पेले किणकिणले. बाकावरच्यांपैकी कोणी मान वर केली नाही. दुकानदाराने वही काढली, दोघांच्या नावावर आणखी एकेक चहा लिहिला, आणि मला रोख मागितले.